मारबतीच्या दिवसाची फाईल

सीताबर्डीतल्या त्या दुकानाच्या काउंटरची काच मी फोडली नाही. ती आधीच एका कोपऱ्यातून तडकलेली होती, वरून चिकटपट्टी लावलेली होती. माझ्या हातानं ती फक्त पुरी फुटली. दुकानदार मात्र खुर्चीसकट मागं सरकला आणि म्हणाला, "मॅडम, सेव्हन नाही तं नाही. मले काहून मारता?"

मी त्याला मारलं नव्हतं, काचेवर हात आपटला होता. आणि तोही उगाच नाही. विंडोज सेव्हन आहे का म्हणून विचारत मी सकाळपासून चार दुकानं पालथी घातली होती आणि चारही ठिकाणी लोक हसले होते. "आता कोण टाकते सेव्हन, ताई? अर्ध्या तासात इलेव्हन टाकून देतो न." ह्या पाचव्याला मी चिडून सगळं सांगून टाकलं. एक फाईल उघडायची आहे, तिच्यात माझ्या बहिणीला तिचा नवरा मारतानाचं चित्रण आहे, आणि ती फाईल जुन्या विंडोजशिवाय उघडत नाही. तो सगळं ऐकून म्हणाला, "घरचं भांडण घरात मिटवून घ्या न, कॉम्प्युटरले कायले मधात आणता?" मग काच गेली.

तळहातातून रक्त गळत होतं. बहीण बाहेर गाडीजवळ उभी होती. तिनं तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला, माझ्या हाताला करकचून आवळला आणि म्हणाली, "राहू दे वं ताई. नाही उघडत तं नाही उघडत." तिच्या डाव्या कानात कापूस होता. मी उजव्या बाजूला जाऊन ओरडले, "राहू कसं देऊ? पोरगी पाहिजे का नको तुले?"

पोरगी पाहिजे होती, सगळा खटाटोप त्यासाठीच होता. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान, इतवारीत दिलेली. आई-बाबा गेल्यावर तिचं माहेर म्हणजे माझंच घर. खाली नवऱ्याचं भांड्यांचं दुकान, वर घर. पोळ्यानंतर चार दिवसांनी ती मनीषनगरला माझ्याकडे आली ती कानात कापूस, कमरेवर काळानिळा डाग आणि हातात एक पिशवी घेऊन. त्याच दिवशी तिचा नवरा पाच वर्षांच्या पोरीला शाळेतून परस्पर घेऊन गेला. आम्ही पोलिसांत गेलो, तर जावईबापू आमच्या आधीच तिथं येऊन गेले होते. बायको मारकुटी आहे, पोरीला मारते, तिच्या माहेरी सगळ्यांचेच हात चालतात, पोर तिथं कशी पाठवू, असं त्यानं लेखी दिलं होतं. दवाखान्याच्या कागदावर तर बहिणीच्याच तोंडचं वाक्य होतं की ती बाथरूममध्ये पडली. तो शेजारी उभा असताना ती दुसरं काय सांगणार होती?

धरमपेठेतल्या वकीलबाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "दुसरा काही पुरावा?" तेव्हा बहिणीनं पिशवीतून एक पेनड्राइव्ह आणि एक छोटी सीडी काढली.

तिच्या नवऱ्यानं हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता. म्हणायला चोरांसाठी, खरं तर दुकानात बसून बायको कोणाशी बोलते ते मोबाइलवर पाहण्यासाठी. आवाज येत नसे, चित्र येई. टीव्हीखालच्या डब्यात ते साठत असे आणि पंधरा दिवसांनी पुसलं जात असे. बहिणीनं त्या डब्याला पेनड्राइव्ह लावून मारबतीच्या दिवसाची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, पूर्ण फाईल उतरवून घेतली होती. कॅमेऱ्याच्या खोक्यातली सीडीही उचलली होती. मला तेव्हा तिचा असा अभिमान वाटला की काही विचारू नका. वकीलबाई म्हणाल्या, हे उघडलं तर गोष्टच वेगळी. पोरीच्या ताब्यासाठीची कोर्टातली तारीख नऊ दिवसांवर होती.

तक्रार मीच लिहिली. ती सांगत होती आणि मी लिहीत होते असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं म्हणजे मीच बोलत होते आणि मीच लिहीत होते. पहिलंच वाक्य, पतीने कानशिलात मारून डाव्या कानाचा पडदा फाडला.

"कानाचं नको लिहू वं ताई," ती म्हणाली.

"काहून?"

"तसंच. कमरेचं लिही. लाथा लिही."

"अजून भेते का तू त्या हरामखोराले?" मी टेबलावर पेन आपटलं. ते वाक्य तसंच राहिलं.

आमच्या घरातल्या मारण्याबद्दल इथं सांगून टाकते, नाही तर पुढचं कळायचं नाही. आम्ही खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो. बाबा बॉयलरवर होते. पाळी संपवून घरी आले की राखेनं माखलेले बूट काढायच्या आधी त्यांचा हात चालायचा. चप्पल, पट्टा, एकदा वायरचा तुकडा. माझ्या पोटरीवर त्या वायरची खूण अजून आहे. पण आमच्याकडे त्याला मारणं म्हणत नसत. समजावणं म्हणत. शेजारीण विचारायची, "काल काय आवाज येऊन राहिला होता?" आई म्हणायची, "काही नाही, पोरीले समजावत होते." मी दहावीत गेल्यावर ते काम आईनं माझ्याकडे दिलं. "मोठी आहेस न, समजाव तिले." मग धाकटीला मी समजावू लागले. गृहपाठासाठी, उलट बोलण्यासाठी, उशिरा आली म्हणून. मारणं म्हणजे दारू पिऊन लोक करतात ते, आणि आम्ही तसले लोक नव्हतो.

तर फाईल. माझ्या नव्या लॅपटॉपवर त्या सीडीतला प्लेअर टाकला की खिडकी उघडे, काळी होई आणि बंद पडे. फाईलच्या नावामागचं शेपूट बदलून पाहिलं, दुसऱ्या प्लेअरांत घालून पाहिलं, हिरव्या रेघांपलीकडे काही दिसलं नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचा पत्ता कुठंच नव्हता. सीडीच्या पाकिटावर बारीक अक्षरात फक्त एवढंच होतं की हे सेव्हनपर्यंत चालेल. मी चिडून माउस भिंतीवर फेकला. त्याचे दोन तुकडे झाले. बहीण उठली आणि तुकडे गोळा करू लागली, लहानपणी बाबांनी फेकलेली ताटं गोळा करायची तशीच.

नेटवर शोधलं तर सेव्हन देणारे ढीगभर सापडले, पण एकानं भलतंच काही लॅपटॉपमध्ये घुसवलं आणि ते काढण्यात दीड दिवस गेला. मग दुकानं झाली, काच झाली. त्या दिवशी हाताला पट्टी बांधून आम्ही वकीलबाईंकडे गेलो, की फाईल उघडत नाही हे सांगायला. उतरताना जिन्यात वरच्या मजल्यावरून खडखड आवाज आला. पाटी होती मराठी-इंग्रजी टायपिंगची. वर एका लांब खोलीत जुने जाड कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर सेव्हनचं ते निळं चित्र. मी दारातच उभी राहिले आणि मला रडू कोसळलं.

तिथले सर सत्तरीचे असतील. परीक्षेचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर नीट चालत नाही म्हणून त्यांनी काहीच बदललं नव्हतं. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली डीव्हीडी काढली. "लॅपटॉप जुना आहे न? मग बत्तीस बिटवालं घ्या. अन् एक सांगतो बाई, हे टाकल्यावर त्याच्यात नेट चालू करू नका." पट्टीकडे पाहून म्हणाले, "हाताले काय झालं?"

"काच लागली," मी म्हणाले.

रविवारी दुपारी बसलो. माझा नवरा चंद्रपूरला नोकरीला असतो, त्या आठवड्यात तो आला नव्हता, घरी आम्ही दोघीच. उकाडा एवढा की कूलरची हवाही अंगाला चिकटत होती. माळ्यावरून माझा नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप काढला. बिजागरी मोडलेली, पडदा भिंतीला टेकवून ठेवावा लागत होता, पण डीव्हीडीचा कप्पा शाबूत. पहिल्या दोन वेळा डीव्हीडीवरून सुरू करायला कोणतंही बटण दाबा म्हणेपर्यंत वेळ निघून गेली. तिसऱ्या वेळी मी सगळी बटणं एकदम थापडली. मग भाषा विचारली, कुठं टाकायचं विचारलं, आणि सांगितलं की ह्या डिस्कवर टाकता येत नाही. डिस्कची मांडणीच नव्या पद्धतीची होती. सगळे भाग पुसून टाकले तरच जमणार होतं.

"त्याच्यात काय आहे?" बहिणीनं विचारलं.

"तुझ्या लग्नाचे फोटो."

"पूस," ती म्हणाली. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मी एकेक भाग निवडून पुसला. नंतर काम किती झालं ते दाखवणारा पट्टा पडद्यावर सरकू लागला. लॅपटॉप तीनदा आपोआप बंद-चालू झाला आणि चारच्या सुमाराला ते निळं चित्र आलं, फुगलेलं, अक्षरं हाताएवढी. पण नवा आणलेला माउस मेलेला, पेनड्राइव्ह दिसेना. मी लॅपटॉपच्या कडेला मूठ हाणली. पुन्हा हाणली. जखम उघडली आणि बटणांवर रक्ताचे ठिपके पडले. बहिणीनं हळूच पेनड्राइव्ह निळ्या खाचेतून काढून दुसऱ्या बाजूच्या काळ्या खाचेत घातला, आणि तो दिसला. सेव्हनला निळी खाच ओळखता येत नाही एवढंच होतं. प्लेअर टाकला, फाईल दिली, आणि इतवारीतला तो हॉल वरच्या कोपऱ्यातून दिसू लागला.

"ताई, तू एकटीच पाह्य," बहीण म्हणाली. "नाही तं नको पाहू. वकीलबाईले तसंच देऊन दे."

"बस इथं," मी म्हणाले.

पडद्यावरची वेळ दहा बावन्न. तो सोफ्यावर. ती ताट आणते. तो एक घास खातो आणि ताट तिच्या तोंडावर फेकतो. मग उठतो. पहिली थप्पड, दुसरी. वेणी हाताला गुंडाळून तिचं डोकं शोकेसच्या लाकडावर आपटतो, दोनदा. ती खाली पडते. तो कमरेत लाथा घालतो, मोजून, थांबून, पाय बदलून. आवाज काहीच नाही, त्यामुळे ते अधिकच वाईट दिसत होतं. आतल्या दारात पोरगी येऊन उभी राहते, पाहते आणि परत आत जाते. मी दातओठ खात होते. त्याच्या नरड्यावर पाय द्यावा असं वाटत होतं. तो आरशात भांग पाडतो आणि खाली जातो, कारण मारबत निघायची वेळ झालेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई न्यायला काढलेले मोठाले पुतळे, वाजतगाजत त्यांच्या घरावरून जातात, आणि दरवर्षी सगळे नातेवाईक तिथं बाल्कनीत जमतात. मीही जायची.

"मिळाला पुरावा!" मी ओरडले. "आता पाह्यतो मी त्याले!"

फाईल चालूच होती. अकरा वीस. ती सांडलेला भात गोळा करतेय. फोन वाजत असावा. ती फोन उचलते आणि डाव्या कानाला लावते. बोलते, मान हलवते, पुन्हा बोलते. तो फोन माझा होता. गर्दीत अडकले, अर्ध्या तासात येते, चहा ठेव, असं मी म्हणाले होते. ती म्हणाली होती, ये. मिनिटभर ती डाव्या कानानं माझं बोलणं ऐकत होती.

पाहुणे येतात, बाल्कनीत जातात, ती चहा नेते. बारा पाच. हिरव्या कुर्त्यात मी. ती मला कोपऱ्यात घेते, कंबर दाखवते आणि सोफ्याखालून भरलेली पिशवी ओढते. मला घेऊन चल, आत्ता, असं म्हणते. मी बाल्कनीकडे पाहते. त्यावेळी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आज? घर पाहुण्यांनी भरलं आहे अन् आज तमाशा करतेस? गुमान बस." ती माझं मनगट धरते. बहुतेक मोठ्यानं काही म्हणते. आणि मी तिला मारते.

एकच. पूर्ण हात मागं नेऊन. ती डाव्या कानावर हात ठेवते आणि होती तिथंच फरशीवर बसते. नवऱ्याच्या माराच्या वेळी ती अशी बसली नव्हती. मी पिशवी पायानं सोफ्याखाली ढकलते आणि बाल्कनीत जाते. कॅमेऱ्यात माझी पाठ दिसते आणि उंच केलेला हात. सगळ्यांबरोबर मीही ओरडत होते, रोग घेऊन जा, राई घेऊन जा, घेऊन जा गे मारबत.

दीड वाजता पुन्हा फोन येतो. ती सवयीनं डाव्या कानाला लावते, थांबते, आणि उजव्या कानाला नेते.

ती थप्पड मी विसरले होते असं नाही. आठवत होती. पण ती मी मारण्यात धरली नव्हती. तक्रार लिहिताना, पोलिसांत ओरडताना, दुकानदारावर धावून जाताना एकदाही ती माझ्या डोक्यात आली नाही. मी तिला समजावलं होतं.

मला एवढंच कळलं की लॅपटॉप माझ्या दोन्ही हातांत डोक्याच्या वर आहे, आणि वायर ताणली गेली आहे. तो भिंतीवर, फरशीवर, कुठंही फोडायचा होता. तेवढ्यात माझं लक्ष बहिणीकडे गेलं. तिनं दोन्ही गुडघे पोटाशी घेतले होते, डोकं खाली, आणि डाव्या कानावर हात. त्या खोलीत तिचा नवरा नव्हता. मीच होते.

मी लॅपटॉप खाली ठेवला. मला इतकी शरम जन्मात वाटली नव्हती.

"तुले माहीत होतं?"

"कान तं माझाच आहे न, ताई."

"मंग सांगितलं काहून नाही?"

तिनं हात कानावरून काढला नाही. "सांगितलं असतं तं तू अजून एक ठेवून दिली असती."

मग तीच म्हणाली, "काप न तेवढं. त्याच्यात कापायचं आहे, मी पाह्यलं. मले चालते. मले पोरगी पाहिजे." प्लेअरमध्ये कात्रीचं चित्र खरंच होतं. सुरुवात दहा पन्नास, शेवट अकरा एकोणीस, म्हणजे तो डाव्या कानाचा फोनही गेला असता. मी आकडे भरले. बोट बटणावर ठेवलं. त्यानं पोलिसांत मारकुटं म्हणून लिहून दिलेलं घर हेच, आणि पोरगी येणार तर ह्याच घरी. माझा हात दिसला तर सगळं हातचं जाईल, हे मला कळत होतं. पण माझं नाव वाचवायला ती तिचा कानसुद्धा खोटा करायला तयार होती. हे मात्र मला सहन झालं नाही.

सोमवारी तोच लॅपटॉप, मोडक्या बिजागरीसकट, वकीलबाईंच्या टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवला आणि पूर्ण फाईल लावली. बारा पाचला त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"मी," म्हणाले. "कान माझ्या हातानं गेला. त्याच्या नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तक्रारीचा कागद पुढं ओढून पहिल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. "हे सगळं नव्यानं लिहावं लागेल. खरं तेवढंच. कोण लिहितंय?"

मी सवयीनं हात पुढं केला. बहिणीनं पेन आधी उचललं. ती लिहीत होती आणि मी मांडीखाली हात दाबून बसले होते. ताट, वेणी, शोकेस, लाथा, दारातली पोरगी. शेवटी तिनं लिहिलं, त्याच दिवशी मोठ्या बहिणीनेही मला मारले, कानाची इजा त्याने झाली. लिहिताना तिचा हात थांबला नाही.

पुढं दोन-तीन तारखा गेल्या. समोरच्या वकिलानं सगळ्यांचेच हात चालतात हा मुद्दा काढून पाहिला, पण त्याला विचारण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. आम्हीच लिहून दिलं होतं. आणि बहिणीनं कोर्टाला सांगितलं होतं की ती आणि पोरगी माझ्याकडे राहणार नाहीत. हे मला तिथंच, बाकावर बसल्या बसल्या कळलं. पोरगी तिच्याकडे आली, आणि ती पोरीला घेऊन खापरखेड्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. जिन्यात मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पोरीले तुझ्या घरी नाही ठेवणार मी. राग नको मानू."

मी रविवारी जाते. आधी फोन करून विचारते, येऊ का. ती मला उजव्या बाजूला बसवते, म्हणजे ऐकू येतं. परवा फळीवरचा साखरेचा डबा काढायला मी हात वर केला, तर तिनं मान आत घेतली आणि मग स्वतःच हसली. पोरगी हसली नाही. ती उठून आईच्या आणि माझ्या मध्ये येऊन बसली.

काच आधीच तडकलेली होती, असं मी सुरुवातीला लिहिलंय. कानाबद्दल मला तसं लिहिता येत नाही. अकरा वीसला तो धड होता.